पान उघडेपर्यंत

ट्यूबलाइट एकदा लुकलुकली आणि यंत्राच्या पडद्यावर वरून खाली उतरत असलेलं कापसाचं बोंड अर्ध्यावर थांबलं. विशाखाने वेळ मोजायचं घड्याळ थांबवलं नाही. व्होल्टेज पडलं की टेलिफोनच्या लाइनवर खरखर वाढते, खरखर वाढली की यंत्र आलेला मजकूर टाकून देतं आणि पुन्हा मागवतं, हे तिला चार दिवसांत पाठ झालं होतं. ती थांबली. परभणी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या एसटीडी बूथमध्ये दोन स्टुलं मावतील एवढीच जागा होती. एकावर ती, दुसऱ्यावर तिचे वडील, लिंबाजी गुरुजी. बाहेर अंधारून यायला लागलं होतं म्हणून बूथची काच आरशासारखी झाली होती, आणि त्या काचेत तिला दोन माणसं दिसली: पाठ ताठ, तळवे गुडघ्यांवर, मान किंचित पुढे. दोघंही सारखीच. क्षणभर तिला कळलंच नाही की त्यातली एक आपण आहोत. मग कळलं. वडील असे बसतात हे तिला माहीत होतं. आपण कधीपासून असे बसायला लागलो हे माहीत नव्हतं. तिने तळवे गुडघ्यांवरून उचलले, पण ते कुठे ठेवायचे ते सुचेना, म्हणून शेवटी यंत्राच्या दोन बाजूंना धरले. यंत्र कोमट लागलं, आजारी माणसाच्या कपाळासारखं.

जाड पोथीएवढं ते यंत्र दोन हातांत धरता येत होतं. करड्या रंगाचा पडदा, खाली बोटभर आकाराच्या कळा, मागे बॅटरी, आणि बाजूने निघालेली वायर एका डबीतून मुंजाजीच्या टेलिफोनला गेलेली. पुण्यात सरपोतदार सरांनी बंगल्याच्या गच्चीवरच्या दोन खोल्यांत ते जन्माला घातलं होतं. आत लिनक्स, परदेशातल्या पोरांनी एकमेकांना पाठवत पाठवत लिहिलेली, फुकट मिळणारी प्रणाली. तिच्यावर ब्राउझर, म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकावरून पान मागवून आणून दाखवणारा प्रोग्रॅम. सरांचं स्वप्न साधं होतं: प्रत्येक ग्रामपंचायतीत असं एक यंत्र, कळ दाबली की बाजारभाव, पावसाचा अंदाज, एसटीच्या वेळा. पुण्यात गच्चीवर पान झटकन उघडायचं. पण गच्चीला व्होल्टेज होतं आणि लाइन स्वच्छ होती. 'खऱ्या जागी तपासायला हवं,' सर म्हणाले होते, आणि मग खोलीतल्या सहाजणांवरून नजर फिरवत तिच्यावर येऊन थांबले होते. 'वाव्हळे, तू तिकडचीच ना?' विशाखा हो म्हणाली होती. तिकडची. तो शब्द म्हणताना पुण्यातले सगळे हात हवेत उडवून कुठेतरी लांब दाखवायचे.

तपासणी म्हणजे तेच पान पुन्हा पुन्हा उघडणं. उघडायचं, किती वेळ लागला ते मांडायचं, बंद करायचं, आधीचं काही आठवणीत राहिलं असेल तर यंत्राच्या डोक्यातून ते पुसायचं, पुन्हा उघडायचं. सकाळी वेगळं, दुपारी वेगळं, शेजारची पिठाची गिरणी चालू झाली की वेगळं. यंत्राचा जीव लहान. अक्षरं तरी येत, पण चित्र आलं की त्याची छाती भरून येई. एकेक ओळ खाली सांडायची, मग थांबायचं, जणू पाणी भरणारी बाई चढावर घागर टेकवते तसं, मग पुन्हा एक ओळ. विशाखाने पहिल्या दिवशी ते तांत्रिक कुतूहलाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी चिडून पाहिलं. आता नुसतं पाहत होती.

"आलं का गं?" गुरुजींनी विचारलं.

"यायलंय, बाबा."

"येऊ दे, येऊ दे. घाई नाही."

हे शब्द ती ऐकत मोठी झाली. येऊ दे. घाई नाही. तिला सोळावं वर्ष होतं तेव्हा, अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात, चारठाण्याच्या पुढे सोनदरी नावाच्या गावात त्यांचं घर जळलं. विधानसभेत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला होता आणि त्या नावाने पेटलेली आग गावागावांत बौद्धांच्या वस्त्यांवर येऊन पडत होती. गुरुजी त्याच गावच्या शाळेत मास्तर. ज्यांनी दगड मारले त्यातल्या निम्म्यांना त्यांनी बाराखडी शिकवली होती. आग तिला फारशी आठवत नाही. आठवतं ते आईचं, सुलाबाईचं, दाराशी थांबणं. सगळे मागच्या बाजूने हायब्रीड ज्वारीत शिरत होते आणि आई कडी घालून कुलूप लावत होती. तिने कुलूप ओढून पाहिलं, नीट लागलं का म्हणून. मग किल्ली कनवटीला खोचून ती पळाली. ज्वारीत गुडघाभर चिखल, पानांच्या कडा गालांना कापत होत्या, आणि विशाखाच्या मनात एवढंच होतं की कुलूप आहे, म्हणजे घर आहे.

पण जे खरोखर तिच्या अंगात राहिलं ते त्यानंतरचं. जिंतूरला कचेरीचा व्हरांडा. फरशी ओली, वर कबुतरं, आणि बाबा तळवे गुडघ्यांवर ठेवून बाकावर बसलेले. आधी फौजदार आला. सांगा मास्तर, कसं झालं. बाबांनी सांगितलं. मग तहसीलदार. पुन्हा पहिल्यापासून सांगा. मग औरंगाबादची समिती, मग मुंबईचे पत्रकार, शबनम पिशव्या लावलेले, ज्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सांगा गुरुजी. बाबा प्रत्येक वेळी 'सांगतो, साहेब' म्हणून गळा साफ करत आणि पहिल्या वाक्यापासून सुरू करत: 'त्या दिवशी शाळा लवकर सोडली होती.' तेच शब्द, तोच स्वर, कुठे आवाज चढला नाही, कुठे उतरला नाही. विशाखाला ते प्रकरण शाळेतल्या कवितेसारखं पाठ झालं. पुढे कधीतरी, ती औरंगाबादला कॉलेजात असताना, पीएच.डी. करणारी एक मुलगी घरी आली आणि टेपरेकॉर्डर लावून बसली. बाबांनी गळा साफ केला. 'त्या दिवशी शाळा लवकर सोडली होती.' विशाखा उठून मोरीत गेली आणि नळ मोठा सोडून उभी राहिली. विचारणाऱ्यांना प्रत्येक वेळी ते नवीन असतं. सांगणाऱ्याचं काय होतं ते मांडायला कुठेच जागा नसते. आई या सगळ्यात एक शब्द बोलली नाही. तिला कोणी विचारलंही नाही.

"ताई, जरा लाइन सोडता का?" मुंजाजी काउंटरवरून म्हणाला. "ह्या मावशी मघाधरनं उभ्या हायेत."

बूथ मुंजाजीचा. लहानपणी पोलिओने एक पाय गेलेला, म्हणून अपंगांच्या कोट्यातून बूथ मिळाला होता. गाव राणीसावरगावकडचं, घरची शेती, चुलते वजनदार. पहिल्या दिवशी विशाखाने आडनाव सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं होतं, आणि मग तो एकदम म्हणाला होता, 'आमचे चुलते अठ्ठ्याहत्तरला लय पुढं होते बघा. मी लहान होतो.' ना माफी, ना फुशारकी. पाहुण्याला घरात पायरी उंच आहे असं आधीच सांगावं तसं. गुरुजी म्हणाले होते, 'बरं केलं सांगितलं.' आणि स्टुलावर बसले होते. तेव्हापासून ते रोज तिच्याबरोबर येत. सोबत म्हणून, असं म्हणत. संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचं काहीतरी जाहीर होणार अशी कुणकुण शहरभर होती, चौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या, आणि सदुसष्टाव्या वर्षाकडे निघालेला हा माणूस एकतीस वर्षांच्या पोरीला सोबत करत होता.

विशाखाने लाइन सोडली. मावशींचं नाव बायनाबाई. नांदेडला पोरगी बाळंतीण झाली होती, तिची खबर हवी होती. त्या आत येऊन रिसीव्हर कानाला उलटा लावून ओरडल्या, मुंजाजीने तो सुलटा करून दिला. "काय झालं? पोरगी? बरी हाय ना? वजन किती हाय?" मग एकदम हळू आवाजात: "तू खाल्लंस का?" विशाखा भिंतीला चिकटून उभी राहिली. यंत्राच्या पडद्यावर अर्धं बोंड तसंच होतं. तिला वाटलं, हे यंत्र इथे आलं की बायनाबाई यावर काय बघणार? कापसाचा भाव, एसटीची वेळ. इतका वेळ थांबून. आणि एवढं थांबल्यावर पान आलं नाही तर त्या पुन्हा दाबणार, पुन्हा थांबणार, आणि त्यांना वाटणार की आपल्यालाच दाबता येईना.

बायनाबाई गेल्या. विशाखाने पुन्हा नंबर लावला, डबीतून ती शिट्टीसारखी किरकिर आली, आणि पान पुन्हा पहिल्यापासून यायला लागलं. शेवटची फेरी. आजची ही झाली की उद्या पुणे. पाठ दुखत होती, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. मुंजाजीने कोपऱ्यातला रेडिओ मोठा केला. बातम्या लागल्या होत्या. विशाखाचं लक्ष नव्हतं, ती बोंडाची वरची कड उमटताना बघत होती, आणि तिच्या कानांवर विद्यापीठ हा शब्द आला तो जणू पाण्याखालून. मग तो पुन्हा आला. गुरुजींचा हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि हवेतच थांबला. निवेदिका सपाट आवाजात वाचत होती, आणि पुढची बातमी सुरूही झाली.

"काय म्हणाली?" गुरुजींनी विचारलं. "पूर्ण नाव काय म्हणाली?"

मुंजाजीने रेडिओ बारीक केला. "डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ."

"परत सांग."

त्याने परत सांगितलं, प्रत्येक शब्द सुटा. गुरुजींचे ओठ त्याच्या मागोमाग हलले. वर्गात पोरांकडून म्हणून घेताना हलायचे तसे.

"म्हणजे मराठवाडा पण ठेवलंय," ते म्हणाले.

त्या वाक्यात आनंद होता की नव्हता हे विशाखा शोधत राहिली. सोळा वर्षं ज्या क्षणाची तिने कल्पना केली होती त्यात बाबा रडत असत, किंवा गेलेल्या आईच्या फोटोकडे बघत. इथे ते हिशोबातली चूक काढल्यासारखे कपाळाला आठी घालून बसले होते. तिला स्वतःला काय वाटतंय हे तिने तपासून पाहिलं, आणि हाताला काही लागलं नाही. फार वेळ अंगाखाली दबून बधिर झालेल्या हातासारखं. आता मुंग्या येतील, मग दुखेल, एवढंच कळत होतं.

मुंजाजी कुबडी घेऊन उठला आणि त्याने शटर अर्धं खाली ओढलं. मग थोडं थांबून पूर्ण ओढलं. "बसा थोडं," तो म्हणाला. "कुठून काय येईल सांगता येत न्हाई." तो आपल्यासाठी म्हणतोय की काचेसाठी, हे विशाखाला कळेना. कदाचित त्यालाही कळत नसावं. बाहेर पळापळीचे आवाज आले, कोणीतरी शीळ घातली, लांबवर फटफट असं काही फुटलं. फटाके की दुसरं काही. तिघंही कान देऊन बसले. अंगाला घाम आला, जानेवारीच्या थंडीत. ज्वारीची पानं गालांना लागली. तिने डोळे उघडे ठेवले आणि समोर, त्या करड्या चौकोनात, बोंड पूर्ण उतरून त्याच्या खाली भावाचे आकडे यायला लागले होते. पान आलं होतं. तिने वेळ बघितला. कालच्यापेक्षा वाईट. तिने लाइन तोडली, आणि रिसीव्हर जागेवर ठेवताच फोन वाजला. तिघंही दचकले.

पुण्याहून सरपोतदार सर होते.

"वाव्हळे? बातमी ऐकली ना? तिकडे काही गडबड नाही ना?"

"अजून तरी नाही, सर."

"मशीन नीट सांभाळ. आधी मशीन आत ठेव." मग आवाज उजळला. "बरं, काय म्हणतंय? सोमवारी दिल्लीची सरकारी माणसं मशीन बघायला येतायत. चाललं ना?"

"चालतं. पण फार हळू, सर. असं देता येणार नाही."

"चित्र काढून टाकलंस तर?"

"ते करून बघितलं. नुसती अक्षरं असली तरी गिरणीच्या वेळेला पान येत नाही. मेमरी पुरत नाही, ब्राउझर गुदमरतो. प्रोसेसर बदलावा लागेल."

"प्रोसेसर बदलला की सगळंच बदललं. मग सोमवारी काय दाखवू? तुझीही दोन वर्षं गेलीत यात." ते थोडं थांबले, आणि मग समजुतीच्या, जवळजवळ प्रेमळ आवाजात म्हणाले, "हे बघ, आपण पुण्याच्या नजरेनं बघतोय. तिकडच्या माणसांना इतकी घाई नसते गं. त्यांना थांबायची सवय असते."

सर वाईट नव्हते. तिने नोकरी मागितली तेव्हा आडनाव ऐकून त्यांनी काहीच विचारलं नव्हतं, पगार कधी अडवला नव्हता, तिने लिहिलेल्या ओळी ते आवडीने मोठ्याने वाचत. म्हणूनच ते वाक्य इतकं सहज आलं, आणि इतकं सहज आत गेलं. तिने गुरुजींकडे पाहिलं. ते शटरच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या रेघेकडे बघत होते. त्यांचा तो हात अजून गुडघ्यावर परतला नव्हता. सवय. हा शब्द तिने चार दिवस स्वतःच वापरला नव्हता का, फक्त तो मनात होता म्हणून ऐकू आला नव्हता? घाम वाळून अंग गार पडलं होतं.

"नाही, सर," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा थकलेला निघाला. "सवय नसते. दुसरं काही हातात नसतं म्हणून थांबतात."

"तू जरा भावनेच्या भरात आहेस. आजचा दिवसच तसा आहे."

"असेन. पण यंत्र चालत नाही. मी चालत नाही असंच लिहिणार आहे. आणि सोमवारी त्यांनी मला विचारलं तर तेच सांगणार."

मग सरांनी फोन ठेवला, आपटला नाही, नीट ठेवला. पुढे ते यंत्र दिल्लीच्या माणसांसमोर गेलंच नाही. होळीच्या सुमारास गच्चीवरच्या खोल्या रिकाम्या झाल्या, आणि विशाखाला दुसरीकडे काम शोधावं लागलं. ते मिळायला पावसाळा उजाडला. पण त्या संध्याकाळी तिने फक्त वायर गुंडाळली, डबी सोडवली, आणि यंत्र टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं.

"साहेब होते का?" गुरुजींनी विचारलं.

"हो."

"चिडले?"

"हो. नाही. वाईट वाटलं त्यांना."

"यंत्र तसं चांगलंय," ते म्हणाले. "लहान हाय बिचारं."

तिला हसू आलं आणि तिने ते बाहेर येऊ दिलं. मुंजाजी फटीला डोळा लावून उभा होता. "आपलीच पोरं हायेत," तो म्हणाला, आणि 'आपली' म्हणजे आपल्या जातीची, गुरुजींची नव्हेत, हे ध्यानात येऊन फटीपासून बाजूला झाला. मग त्याने शटर वर केलं. दोघं बाहेर पडताना तो म्हणाला, "गुरुजी, सोबत येऊ का चौकापोत्तर?" गुरुजींनी त्याच्या कुबडीकडे पाहिलं नाही. "चल की," म्हणाले. मुंजाजीने शटरला कुलूप घातलं आणि तिघं चालायला लागले, त्याच्या चालीने, सावकाश. रस्त्यावर निम्मी दुकानं बंद. पोलिसांच्या गाडीजवळ दोन शिपाई कणसासारखे ताठ उभे. एका गल्लीत पूर्ण शुकशुकाट, दारं लावलेली, एका दाराच्या फटीतून कोणीतरी बघत होतं. पुढच्या वळणावर निळा गुलाल.

चौकात त्यांच्या वस्तीची पोरं होती. हलगी वाजत होती, कोणी नाचत होतं, कोणी दुसऱ्याच्या गळ्यात पडून रडत होतं, आणि कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर चारपाच जण तावातावाने भांडत होते. नागनाथ नावाचा एक वकिली शिकणारा तरुण त्यांच्यात होता, गुरुजींचा जुना विद्यार्थी. गुरुजींना पाहताच तो उठून आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि जबडा आवळलेला.

"गुरुजी, तुमीच सांगा. नामांतर मागितलं होतं, नामविस्तार दिला. अर्धंच दिलं. माणसं मेली, घरं जळली, अन् अर्धं. ही पोरं म्हणायलीत आज नाचायचं. मी म्हणतो नाचायचं कशाला?"

हलगी थांबली नव्हती, पण जवळचे सगळे गुरुजींकडे वळले. मुंजाजी दोन पावलं मागे, दिव्याच्या खांबाआड सरकला होता. विशाखा वडिलांकडे बघत होती. आता गळा साफ करतील, तिला वाटलं. आता पहिल्या वाक्यापासून सुरू होईल. तिच्या छातीत तो जुना मोरीतला नळ सुटला.

गुरुजींनी नागनाथच्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. त्यांच्या बाहीला निळं लागलं.

"नागनाथ," ते म्हणाले, "मला भूक लागलीय रे."

नागनाथने मनगटाने डोळे पुसले.

"खरंच. लय भूक लागलीय. सकाळधरनं काही खाल्लं न्हाई मी. काय मिळंल का हितं?"

कोणीतरी हसलं, कोणीतरी 'गुरुजींना वाट द्या' म्हणून ओरडलं. कोपऱ्यावर एक भज्यांची गाडी अजून पेटती होती. चतुराबाई नावाची बाई गर्दीकडे पाठ करून तळत होती, जणू रोजचाच दिवस. गुरुजी गाडीपाशी उभे राहिले. विशाखाने त्यांना रस्त्यावर उभ्याने खाताना कधी पाहिलं नव्हतं. मास्तरने असं खाऊ नये, हा त्यांचाच नियम. त्यांनी मघाशी तळून निवलेली भजी कागदावर घेतली, घाईने पहिलं तोंडात घातलं, डोळे मिटले, चावत राहिले. मग खांबाकडे वळून म्हणाले, "मुंजाजी, अरे तिथं काय उभा राहिलास? ये."

तो आला. नागनाथने त्याच्याकडे पाहिलं, कुबडीकडे पाहिलं, आणि काही न बोलता थोडा बाजूला सरकला. चौघं गाडीच्या उजेडात उभे राहून खात होते. तेल हातांना लागत होतं, मिरची तिखट होती, हलगीवाल्याने ताल बदलला होता. गुरुजींनी कागद रिकामा केला, बोटं चाटली, आणि चतुराबाईसमोर धरला.

"अजून दे," ते म्हणाले. "ह्या बारीला गरम दे."